कोपऱ्यातला कॉलम दोन दिशांच्या मोमेंटला वारंवार नापास होतो, तेव्हा काय तपासावे

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील स्टिल्टवरच्या (तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या) इमारतींचे आरसीसी डिझाइन करणाऱ्या मंडळींना एक अडचण पुन्हा पुन्हा येते. मॉडेल चालवले की आतले कॉलम निमूटपणे पास होतात आणि कोपऱ्यातले दोन-तीन कॉलम मात्र १.०३, १.०५ असे रेशो (मागणी भागिले क्षमता, एकच्या वर म्हणजे नापास) दाखवून नापास होतात. लोखंड वाढवले की ते पास होतात, मग आर्किटेक्ट एखादी बीम सरकवतो आणि तेच कॉलम परत नापास होतात. याच अडचणीचा दुसरा प्रकार अधिक गोंधळात टाकणारा आहे: हाताने केलेल्या हिशेबात कॉलम ०.८५ ला आरामात पास असतो आणि सॉफ्टवेअर त्याच कॉलमला नापास ठरवते, किंवा नेमके याच्या उलट घडते.

अशा वेळी कार्यालयात ठरलेले उत्तर असते, ‘सळी एक नंबर वाढवा’. माझ्या मते हा उपाय शेवटी करायचा असतो. आयताकृती कॉलमच्या बाबतीत बहुतेक वेळा खोट लांब बाजूकडे नसून अरुंद बाजूकडे असते, आणि तिथल्या तीन गोष्टी, म्हणजे प्रभावी कव्हर (काँक्रीटच्या पृष्ठभागापासून सळीच्या मध्यापर्यंतचे अंतर), सडपातळपणा (बाजूच्या मानाने कॉलमची उंची) आणि कमी अक्षीय, म्हणजे उभ्या दाबाच्या, भाराचे लोड कॉम्बिनेशन (एकत्र धरलेल्या भारांचा संच), नीट पाहिल्याशिवाय लोखंडाला हात लावू नये.

तपासणी नेमकी काय विचारते

आयएस ४५६:२००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या कलम ३९.६ मध्ये दिलेली तपासणी दिसायला सोपी आहे. कॉलमवर जो अक्षीय भार आहे तो तसाच धरून प्रत्येक दिशेची एकेरी मोमेंट क्षमता (त्या एकाच दिशेने वाकताना कॉलम पेलू शकेल तो मोमेंट) काढायची, त्या दिशेच्या लागू मोमेंटला तिने भागायचे, आलेल्या दोन्ही भागाकारांचा अल्फा हा घात करायचा आणि बेरीज एकच्या आत ठेवायची. अल्फाची किंमत अक्षीय भार आणि कॉलमची शुद्ध दाबाखालची क्षमता यांच्या गुणोत्तरावर ठरते. ते गुणोत्तर ०.२ किंवा त्याहून कमी असेल तर अल्फा १, ०.८ किंवा त्याहून जास्त असेल तर २, आणि मधल्या किमतींसाठी सरळ रेषेत प्रमाण. शुद्ध दाबाखालची क्षमता म्हणजे काँक्रीटच्या क्षेत्रफळाला ०.४५ पट काँक्रीटची ताकद आणि लोखंडाच्या क्षेत्रफळाला ०.७५ पट लोखंडाची ताकद. या पद्धतीचे मूळ बोरिस ब्रेस्लर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या विचारात आहे. एकच अक्षीय भार धरून दोन मोमेंटच्या प्रतलात क्षमतेची जी वक्ररेषा तयार होते, तिचे हे सोपे केलेले रूप होय.

अल्फा १ असतो तेव्हा ही वक्ररेषा सरळ रेषा होते, म्हणजे दोन्ही दिशांचे भाग थेट बेरजेला येतात आणि कॉलमला काहीच सवलत मिळत नाही. अल्फा २ कडे सरकतो तशी रेषा बाहेर फुगते. ही एक गोष्ट मनात पक्की असली की पुढचे बरेचसे कोडे सुटते.

एक कॉलम जवळून पाहू

स्टिल्ट मजल्यावरचा कोपऱ्यातला कॉलम ३०० बाय ६०० मिमी, काँक्रीट एम३०, लोखंड एफई५००, २० मिमीच्या १२ सळ्या. लांब बाजूंवर कोपऱ्यांसह पाच-पाच आणि अरुंद बाजूंवर मध्ये एक-एक. कव्हर ४० मिमी, रिंग ८ मिमी. लोखंड सुमारे २.१ टक्के होते आणि शुद्ध दाबाखालची क्षमता सुमारे ३७९३ किलोन्यूटन येते. एका कॉम्बिनेशनमध्ये अक्षीय भार १५०० किलोन्यूटन, ६०० मिमी खोलीच्या दिशेने मोमेंट १५० आणि ३०० मिमी खोलीच्या दिशेने ९३ किलोन्यूटन-मीटर आहे, असे धरू.

भारांचे गुणोत्तर ०.३९५ येते आणि अल्फा सुमारे १.३३. लांब दिशेची एकेरी क्षमता, सळ्यांच्या प्रत्येक ओळीतला ताण काढून हिशेब केला तर, सुमारे ३७३ किलोन्यूटन-मीटर मिळते. इथपर्यंत बहुधा कोणाचे दुमत होत नाही.

गडबड होते ती अरुंद दिशेला. ४० मिमी कव्हर, ८ मिमी रिंग आणि सळीचा अर्धा व्यास १० मिमी मिळून सळीच्या मध्यापर्यंतचे अंतर ५८ मिमी होते. ६०० मिमी खोलीत हे अंतर जवळजवळ दहा टक्के आहे, म्हणून एसपी १६ या आयएस ४५६ वर आधारित डिझाइन-आलेखांच्या पुस्तिकेतला ०.१० चा आलेख काढला जातो, आणि अनेकदा तोच आलेख दुसऱ्या दिशेलाही वापरून टाकला जातो, किंवा एक्सेलच्या शीटमध्ये ते गुणोत्तर एकाच चौकटीत कायमचे भरून ठेवलेले असते. पण ३०० मिमी खोलीत हेच ५८ मिमी म्हणजे ०.१९ होते. तिथे ०.२० चाच आलेख हवा.

फरक किती पडतो ते पाहा. गुणोत्तर ०.१० धरले तर अरुंद दिशेची क्षमता सुमारे २१८ येते, खरे ५८ मिमी धरले तर १७५. म्हणजे आपण कागदावर जवळपास चोवीस टक्के जास्त ताकद धरून बसलेलो असतो. कारण उघड आहे: या दिशेला सळ्यांचा कॉलमच्या मध्यापासूनचा हात मुळातच जेमतेम ९२ मिमी आहे आणि त्यातला प्रत्येक मिलिमीटर महाग आहे. ठाणे खाडीच्या काठावर किंवा ऐरोली-वाशीकडे समुद्री हवेत उघड्या राहणाऱ्या कॉलमला आयएस ४५६ च्या ‘तीव्र’ गटानुसार कव्हर ४५ मिमी लागते, आणि त्या पाच मिलिमीटरमुळे हीच क्षमता १६८ वर येते. काँक्रीट एम३५ किंवा त्याहून वरचे घेतले तर या गटात पाच मिमी कमी करण्याची मुभा आहे. काँक्रीटचा ग्रेड ठरवताना ही बाब ताकदीपेक्षा अधिक उपयोगी पडू शकते, पण ती फारशी कोणाच्या लक्षात नसते.

आलेख वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. एसपी १६ मधले ‘चारही बाजूंना समान लोखंड’ असलेले आलेख २० सळ्यांचा छेद धरून तयार केलेले आहेत आणि आठपेक्षा जास्त सळ्या चारही बाजूंना सारख्या वाटलेल्या असतील तरच ते नि:शंकपणे चालतात. सहा किंवा आठ सळ्यांच्या कॉलमला ते लावणे म्हणजे अंदाजावर अंदाज चढवणे आहे.

सडपातळपणाचा जादा मोमेंट

आता स्टिल्टची उंची विचारात घ्यावी. बीमखालची मोकळी उंची ३.६ मीटर आणि चौकट, म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा, बाजूला सरकू शकणारी असल्याने प्रभावी लांबीचा गुणक १.२ धरला, तर प्रभावी लांबी ४.३२ मीटर होते. ६०० च्या दिशेला गुणोत्तर ७.२, म्हणजे १२ च्या आत, पण ३०० च्या दिशेला १४.४. म्हणजे हा कॉलम एका दिशेने आखूड आणि दुसऱ्या दिशेने सडपातळ आहे. कलम ३९.७ प्रमाणे अरुंद दिशेचा जादा मोमेंट १५०० गुणिले ०.३, भागिले २०००, गुणिले १४.४ चा वर्ग, म्हणजे सुमारे ४७ किलोन्यूटन-मीटर येतो, आणि त्या दिशेचा मोमेंट ९३ वरून १४० वर जातो.

चुकीच्या कव्हरने, म्हणजे क्षमता २१८ धरून, तपासणीची बेरीज ०.८५ येते. बरोबर कव्हरने, क्षमता १७५ धरून, तीच बेरीज १.०४ होते. ‘हाताने पास, सॉफ्टवेअरमध्ये नापास’ या तक्रारीचे मूळ कित्येकदा एवढेच असते.

पण १.०४ आले म्हणून लगेच लोखंड वाढवायचे नाही. जादा मोमेंटला लावायचा घट गुणक त्याच कलमात दिलेला आहे. शुद्ध दाबाच्या क्षमतेतून लागू भार वजा करायचा आणि त्याला शुद्ध दाबाची क्षमता वजा संतुलित स्थितीचा भार (ज्या भाराला काँक्रीट चिरडणे आणि ओढीतल्या सळ्या मर्यादेला पोचणे एकदम घडते तो) याने भागायचे. या कॉलममध्ये अरुंद दिशेचा संतुलित भार सुमारे १००५ किलोन्यूटन येतो, त्यामुळे गुणक ०.८२ मिळतो. ४७ चे ३८ होतात, एकूण मोमेंट १३१ होतो आणि बेरीज ०.९८ वर येते. एक सळीही न वाढवता कॉलम नियमात बसतो, आणि हे नियमातले पळवाट काढणे नव्हे. भार संतुलित स्थितीकडे उतरतो तसा कॉलम वेगळ्या रीतीने वाकतो, हीच गोष्ट हा गुणक सांगतो.

प्रभावी लांबीचा गुणक मात्र डोळे मिटून १.२ घेऊ नये आणि १ तर मुळीच घेऊ नये. चौकट सरकणारी आहे की नाही हे परिशिष्ट ई मधल्या स्थिरता निर्देशांकावरून ठरवता येते. त्या मजल्यावरच्या सर्व कॉलमच्या भारांच्या बेरजेला मजल्याच्या सरकण्याने गुणून, मजल्यावरचे आडवे बल आणि मजल्याची उंची यांच्या गुणाकाराने भागले असता ०.०४ किंवा त्याहून कमी आले, तर चौकट न सरकणारी मानता येते. स्टिल्टला भिंती नसल्यामुळे हा निर्देशांक नेमका तिथेच वाढलेला सापडतो.

जास्त भार म्हणजे जास्त धोका, असे नाही

कोपऱ्यातल्या कॉलमचा विचार करताना लोक सर्वांत मोठ्या अक्षीय भाराच्या कॉम्बिनेशनकडे धावतात. भूकंपाच्या वेळी इमारत डोलते तेव्हा मात्र कोपऱ्यातल्या कॉलमवरचा भार एका दिशेने वाढतो तसा उलट दिशेने घटतो, आणि ०.९ पट स्थिर भार अधिक १.५ पट भूकंप या कॉम्बिनेशनमध्ये तो बराच खाली येऊ शकतो. वरच्या कॉलमवर भार ६०० किलोन्यूटनपर्यंत उतरला आणि विश्लेषणातले दोन्ही मोमेंट तेच राहिले, असे समजू. लांब दिशेची क्षमता ३७३ वरून ३९४ होते आणि अरुंद दिशेची १७५ वरून १९१. दोन्ही क्षमता वाढल्या, सडपातळपणाचा जादा मोमेंटही १९ पर्यंत घसरला, त्यामुळे कॉलम अधिक आरामात पास व्हायला हवा असे वाटते. पण भारांचे गुणोत्तर ०.१६ झाल्याने अल्फा १ वर आलेला असतो. दोन्ही भागाकार, ०.३८ आणि ०.५९, थेट मिळवायचे आणि बेरीज ०.९७ येते, म्हणजे १५०० च्या भाराला आलेल्या ०.९८ इतकीच जवळजवळ. भार निम्म्याहून कमी होऊनही कॉलमला जवळपास काहीच सवलत मिळाली नाही.

म्हणून प्रत्येक कॉम्बिनेशनचा भार आणि दोन्ही मोमेंट एकत्र, त्रिकूट म्हणून तपासावे लागतात. सर्वांत मोठा भार एका कॉम्बिनेशनमधून, एका दिशेचा मोठा मोमेंट दुसऱ्यातून आणि उरलेला तिसऱ्यातून उचलून केलेली तपासणी सावध दिसते, पण ती कधी विनाकारण कडक असते आणि कधी, हलक्या भाराच्या बाबतीत, चक्क असुरक्षित. भूकंपाच्या विश्लेषणाच्या रिस्पॉन्स स्पेक्ट्रम पद्धतीत उत्तरांना चिन्हे (अधिक-उणे) नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअर तिन्ही गोष्टींच्या चिन्हांच्या सर्व जोड्या तपासते आणि त्यातली सर्वांत वाईट दाखवते. तो रेशो थोडा जास्त दिसणे स्वाभाविक आहे. ते काढून टाकण्याचे कारण नाही, फक्त तो आकडा कुठून आला हे माहीत असावे.

भूकंपरोधक डिझाइनच्या आयएस १८९३ (भाग १):२०१६ नुसार ठाणे हे भूकंप विभाग तीनमध्ये येते. आडवे बल घेणाऱ्या चौकटी परस्परांशी काटकोनात नसतील, तेव्हा एका दिशेच्या भूकंपासोबत दुसऱ्या दिशेचा तीस टक्के भूकंप धरावा लागतो. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीतल्या पुनर्विकासाच्या तिरप्या प्लॉटवर, जिथे एक बाजू रस्त्याला समांतर आणि दुसरी शेजाऱ्याच्या कुंपणाला, तिथे हा नियम बहुधा लागू होतोच, आणि कोपऱ्यातल्या कॉलमला दुसरा मोमेंट तिथूनच मिळतो. तीस टक्क्यांची कॉम्बिनेशने मॉडेलमध्ये नंतर टाकली गेली की ‘काल पास होता, आज नापास कसा’ असा प्रश्न पडतो.

सॉफ्टवेअरचा रेशो आणि आपली बेरीज

ईटॅब्ससारखे इमारतींच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर कॉलमचा पूर्ण त्रिमितीय क्षमता-पृष्ठभाग तयार करते. शून्यापासून भार-मोमेंटच्या बिंदूपर्यंत रेषा ओढून ती पुढे पृष्ठभागाला जिथे छेदते तिथपर्यंतच्या अंतराशी ते बिंदूच्या अंतराची तुलना करते. या रेषेवर मोमेंटबरोबर अक्षीय भारही वाढतो. आपल्या हिशेबात मात्र भार स्थिर असतो आणि बेरीज घातांकाची असते. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळण्याची अपेक्षाच चुकीची आहे. एकच्या आसपास ते एकमेकांजवळ येतात, कारण तिथे दोघेही एकाच सीमेवर उभे असतात. कॉलम ०.६ ला आरामात बसत असताना एकाकडे ०.६ आणि दुसऱ्याकडे ०.५ दिसले, तर त्यात चूक शोधत बसू नये. फरक एकच्या दोन बाजूंना पडत असेल, तरच खोलात जावे.

खोलात जाताना आधी स्थानिक अक्ष पाहावेत. उभ्या कॉलमचा स्थानिक अक्ष २ मूळ सेटिंगमध्ये जागतिक एक्स दिशेने असतो आणि छेदाची खोली त्याच दिशेने मोजली जाते. त्यामुळे अक्ष ३ भोवतीचा मोमेंट या खोलीच्या बळावर पेलला जातो. ड्रॉइंगमध्ये कॉलम वळलेला आणि मॉडेलमध्ये न वळलेला असेल तर दोन्ही मोमेंट चुकीच्या बाजूंना बसतात. हाताच्या शीटमध्येही ‘एक्स दिशेचा मोमेंट’ आणि ‘एक्स अक्षाभोवतीचा मोमेंट’ यांची गल्लत नेहमीची आहे. ती शोधायला सोपी युक्ती म्हणजे मॉडेलमध्ये एकाच दिशेचा आडवा भार लावून कोणता मोमेंट वाढतो ते पाहणे.

किमान विकेंद्रतेबाबतही (भार कॉलमच्या मध्यापासून निदान किती बाजूला धरायचा याबाबत) थोडे. ती उंचीचा पाचशेवा भाग अधिक बाजूचा तिसावा भाग, आणि किमान २० मिमी. वरच्या कॉलमला लांब दिशेने २७ मिमी आणि अरुंद दिशेने २० मिमी येते. दोन दिशांच्या मोमेंटच्या तपासणीत ती एका वेळी एकाच अक्षाभोवती पाळली तरी पुरते, असे कलम २५.४ सांगते. दोन्ही दिशांना एकदम लादल्यास जवळजवळ फक्त अक्षीय भाराखालचे आतले कॉलमही विनाकारण अडतात.

मग उपाय काय

वरचे सर्व पाहूनही बेरीज एकच्या वर राहिली तर मात्र कॉलम बदलावाच लागतो. लोखंड वाढवण्यात एक छुपी गंमत आहे. सळ्या २० ऐवजी २५ मिमीच्या केल्या तर शुद्ध दाबाची क्षमता ३७९३ वरून सुमारे ४५६० होते, भारांचे गुणोत्तर ०.३३ वर येते आणि अल्फा १.३३ वरून १.२२ ला घसरतो. सडपातळपणाचा घट गुणकही वाढू लागतो. लोखंडाने दिलेल्या ताकदीचा काही भाग तपासणीच परत घेते. शिवाय लोखंड ३.३ टक्के झाल्यावर लॅप (सळ्यांचे एकमेकांवर चढवलेले जोड) एकाआड एक ठेवले नाहीत तर जोडाच्या ठिकाणी ते साडेसहा टक्क्यांपर्यंत जाते. तिथे व्हायब्रेटरची सुई उतरत नाही आणि शटरिंग काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोकळ काँक्रीट दिसते.

याउलट अरुंद बाजू ३०० वरून ३७५ केली की सडपातळपणाचे गुणोत्तर ११.५ होते, कॉलम दोन्ही दिशांनी आखूड ठरतो आणि जादा मोमेंटचा प्रश्नच उरत नाही. त्यातच सळ्यांचा हातही वाढलेला असतो. रुंदी वाढल्याने कॉलम त्या दिशेचा मोमेंट थोडा जास्त ओढून घेतो, म्हणून विश्लेषण पुन्हा करावे लागते, पण हिशेब बहुधा फायद्याचाच राहतो. आर्किटेक्टची हरकत इथेच येते, कारण १५० मिमीच्या ब्लॉकच्या भिंतीतून कॉलम खोलीत डोकावतो आणि स्टिल्टमध्ये गाडीची जागा अरुंद होते. तडजोड म्हणून ७५ मिमी फक्त स्टिल्टपुरते वाढवून वर ३०० ठेवता येतात. त्यापेक्षा कमी मात्र नाही, कारण भूकंपासाठीच्या आरसीसी तपशिलांच्या आयएस १३९२०:२०१६ प्रमाणे कॉलमची किमान बाजू ३०० मिमीच आहे. जुन्या इमारतींतल्या नऊ इंची कॉलमची सवय असलेल्या ठेकेदारांना हे पटवून द्यायला वेळ लागतो. रुंदी वाढवणे अशक्यच असेल, तर अरुंद बाजूंच्या मधल्या सळ्या काढून त्या लांब बाजूंवर नेता येतात, कारण वाकताना मधल्या सळ्यांचा हात शून्य असतो. सळ्यांमधले अंतर आणि रिंगची बांधणी नियमात बसते का, ते आधी पाहावे.

एल किंवा टी आकाराच्या कॉलमला वरची अल्फाची बेरीज लावू नये. तिथे छेद दोन्ही अक्षांभोवती सममित नसतो; एल आकारात तर प्रमुख अक्षही बाजूंशी समांतर नसतात आणि फक्त एका दिशेने ढकलले तरी कॉलम दोन्ही दिशांनी वाकतो. अशा छेदाचा प्रत्यक्ष क्षमता-पृष्ठभागच काढावा.

शेवटी साइटचा मुद्दा. डिझाइनमध्ये ५८ मिमी धरले आणि अरुंद बाजूला कव्हर ब्लॉक सुटल्यामुळे पिंजरा एका अंगाला कलला, तर एका फळीकडे कव्हर २५ मिमी होते आणि दुसरीकडे ५५. सळी बाहेर सरकलेल्या बाजूला ताकद वाढते, पण खाडीच्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो, आणि उलट दिशेने वाकताना आत सरकलेल्या सळ्यांचा हात ९२ वरून ७७ मिमी होतो. त्यामुळे कॉलमच्या ड्रॉइंगवर कव्हरचा आकडा चारही बाजूंना स्वतंत्र लिहावा, अरुंद बाजूंवर कव्हर ब्लॉकचे उभे अंतर नमूद करावे, आणि फळ्या बंद होण्यापूर्वी टेप लावून मोजायची ती ३०० मिमीची बाजू, असे साइट इंजिनिअरला सांगून ठेवावे.